सत्तर पैसे आणेवारी

जालन्यात माणूस काय करतो या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. सळईत आहे, बियाण्यात आहे, मोंढ्यात आहे, नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. यातलं एकही उत्तर मला देता येत नाही. 'मी मोबाइल, कॉम्प्युटर आणि व्हिडिओ गेम यांच्याबद्दल लिहितो' असं म्हटलं की समोरचा त्यातला 'मोबाइल' तेवढा उचलतो आणि खिशातून आपला फोन काढतो. "बघ बरं, चार्जच होईना." माझ्या आजवरच्या कारकिर्दीत मी सगळ्यात जास्त केलेलं तांत्रिक काम म्हणजे टाचणीनं चार्जिंगच्या भोकातला कचरा काढणं. मोबदला अर्धा कप चहा. एका स्थळाकडच्या मंडळींनी तर 'मुलगा गेमचं काहीतरी करतो' एवढं ऐकून हळूच विचारलं होतं, "आतापर्यंत किती हरलाय?"

ही अवदसा आठवली ती नव्वदच्या दशकात. गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम होता, तासाला पाच रुपये. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९ इन १' आणि आत निघायचे सात. त्यातला 'काँट्रा' हा आमचा प्राण. त्यात खेळाडूला तीन जीव मिळायचे आणि जालन्याच्या पोरांना ते दीड मिनिट पुरायचे. अशात औरंगाबादहून आलेल्या आतेभावानं एसटीच्या तिकिटामागं मला एक मंत्र लिहून दिला : वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. सुरुवातीला ही बटणं दाबली की तिनाचे तीस जीव. फार पुढे कळलं की हा मंत्र कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोचा. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' घरच्या यंत्रावर आणताना त्याला स्वतःलाच तो गेम जमेना, म्हणून त्यानं तपासणीपुरती ही पळवाट ठेवली आणि ती तशीच बाजारात गेली. आपण केलेला गेम आपल्याला जमत नाही असं मान्य करणारा माणूस म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. मी तो मंत्र गल्लीतल्या पोरांना एकेका कुल्फीवर विकला. तंत्रज्ञानविषयक लेखनाचा हा माझा पहिला मोबदला, आणि वेळेवर मिळालेला शेवटचा.

बाबा नव्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. माझा धंदा घरात कुणाला कळला असेल तर तो त्यांनाच. शब्दावर पैसे मिळतात हे ऐकल्यावर आईनं 'मग जास्त शब्द लिही की' असा सरळ सल्ला दिला. बाबांनी मात्र चष्मा काढला. "माल कुठं उतरतो?" मी म्हटलं, ईमेलनं परदेशी जातो. "खरेदीदार बघून घेतो का न बघता?" बघून. "मग ओलावा काढणार. माल उतरल्यावर खरेदीदार कधीच म्हणत नाही की वाळलेला आहे." पहिलाच लेख गेला तेव्हा संपादकानं माझी विशेषणं कापून हजार शब्दांचे आठशे केले आणि पैसे आठशेचे दिले. बाबा शांतपणे म्हणाले, "वीस टक्के ओलावा. जास्तच भिजवतोस तू."

गेमच्या इतिहासातल्या गोष्टीही मी त्यांनाच सांगतो, कारण बाकी घर उठून जातं. अटारी कंपनीनं १९८३ मध्ये न खपलेल्या कॅसेटी ट्रकांत भरून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरल्या, आणि २०१४ मध्ये लोकांनी त्या उकरून काढल्या, ही आमच्या क्षेत्रातली रामायण-महाभारताच्या तोलाची कथा. बाबांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि हळहळले. "पुरलं कशाला? इकडं पाठवायचं. आपल्या भट्ट्यांत सळई झाली असती." प्लास्टिकची सळई होत नाही हे मी सांगणार होतो, पण जालन्याच्या माणसाशी भंगारावर वाद घालू नये.

एकच गोष्ट त्यांना समजावता आली नाही, ती एम्बार्गो. म्हणजे गेम बाजारात यायच्या आधी आपल्या हातात येतो, लिहूनही होतं, पण कंपनीनं दिलेल्या घटकेच्या आत एक अक्षर बाहेर पडता कामा नये. आणि ती घटका टळल्यावर तुमच्या लेखाला कुत्रं विचारत नाही. हे आईला पटकन समजलं. "मुहूर्त," ती म्हणाली. फक्त हा मुहूर्त अमेरिकेच्या घड्याळावर निघत असल्यानं आमच्याकडे रात्री अडीच, साडेतीन अशा वेळेला येतो. घरातला दिवा तेव्हा चालू दिसतो म्हणून शेजारच्या काकूंनी माझ्या तब्येतीची चौकशी आईकडे दोनदा केली आहे. एकदा अंगाराही आणून दिला, राजूरच्या गणपतीचा.

तर अशी सगळी इज्जत असताना नोव्हेंबर २०१८ मध्ये मी एक ईमेल लिहिला.

स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा 'फार्मिंग सिम्युलेटर १९' त्या महिन्याच्या २० तारखेला येणार होता. २००८ पासून चालत आलेली ही मालिका. शेती हाच खेळ : नांगरा, पेरा, कापा, विका, मोठा ट्रॅक्टर घ्या, पुन्हा नांगरा. ज्या कामातून सुटायला आमच्या घरातली माणसं गाव सोडून जालन्याला आली, ते काम युरोपातली माणसं ऑफिसातून घरी आल्यावर पदरचे पैसे मोजून करतात. या खेपेला त्यात पहिल्यांदाच कापूस आला होता. हे वाचलं आणि मी एका परदेशी संपादकाला कळवलं की मी कापसाच्या पट्ट्यातला, शेतकऱ्याच्या घरातला माणूस आहे; हा गेम माझ्याइतका आतून दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

यातला पट्टा खरा होता. बाकी माझा शेतीचा अनुभव म्हणजे दर थंडीत भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन हुरडा खाणं. सातवीत असताना एकदा अर्धा तास कापूस वेचला होता, तेव्हा बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलवटली म्हणून रडत बांधावर बसलो आणि तिथून मला कुणी उठवलं नाही. पण ईमेलमध्ये एवढा तपशील देण्याची पद्धत नसते. संपादकानं लगेच होकार दिला. बाराशे शब्द, शब्दाला आठ सेंट, सोमवारी सकाळी दहाच्या आत.

रविवारी संध्याकाळी नाना आले.

नाना म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावची शेती तेच बघतात. एरवी नोव्हेंबरात ते गाव सोडत नाहीत, कारण वेचणी चालू असते. पण आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली होती आणि या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या जिल्ह्यातलेही तालुके होते. नानांची दोन वेचण्यांत उलंगवाडी झाली. रिकामा माणूस डोळे तपासायला जालन्याला आला. मुक्कामाला माझ्याच खोलीत, कारण तीच एक खोली आहे जिथे रात्रभर दिवा असतो आणि नानांना अंधारात झोप येत नाही. खरं म्हणजे त्यांना रात्री झोपच येत नाही. गावाकडं मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, आणि रात्रीच्या लाईटीला उठून दारं धरण्यात ज्याची हयात गेली त्याचं शरीर मध्यरात्री आपोआप जागं होतं. ही गोष्ट मी ध्यानात घ्यायला हवी होती.

"काय करू राह्यला रे?" नानांनी सतरंजीवरून विचारलं.

"शेती," मी म्हणालो. आयुष्यात हे उत्तर मला नानांना पहिल्यांदाच देता आलं.

नाना उठून खुर्चीमागं येऊन उभे राहिले. पडद्यावर माझं शेत होतं, हिरवंगार, दूरवर टेकड्या, लाल कौलांची घरं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हीर कुठंय?"

विहीर नव्हती. बोअर नव्हतं. त्या गेममध्ये पिकाला पाणी द्यावंच लागत नाही, पेरलं की उगवतं आणि वाढत जातं. "मंग पावसावर?" पाऊसही लागत नाही, मी सांगितलं. पाऊस पडतो, पण तो पडत असला की पीक कापता येत नाही, म्हणून इथले शेतकरी पाऊस थांबायची वाट बघतात. नानांनी हे दोनदा विचारून घेतलं. पाऊस ही जिथं नुसती अडचण आहे अशा गावाकडं ते काही क्षण बघत राहिले. त्या क्षणी मी लेखणी उचलायला हवी होती. त्याऐवजी मी त्यांना पडद्यावरची सावली किती हुबेहूब आहे ते दाखवलं.

"बियाणं कोणत्या कंपनीचं?"

जालना जिल्ह्यात हा प्रश्न पोरासोरालाही पडतो. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको इथंच सुरू केली, बीटी कापसाचं देशातलं पहिलं वाण २००२ मध्ये त्याच घराण्याच्या कंपनीकडून शेतात आलं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत दोन माणसं भेटली की आधी एकमेकांचं वाण विचारतात, मग आडनाव. गेममध्ये पाकिटावर नुसतं 'बियाणं' होतं. त्याच पाकिटातून गहू, त्यातूनच मका, त्यातूनच कापूस. नाना हसले. "अन् अळी?" अळी नाही. तण आहे, यंदा पहिल्यांदाच घातलंय, मी अभिमानानं सांगितलं. "तण घातलं अन् अळी राहिली," नाना म्हणाले, "म्हंजे ज्यानं हे केलं त्यानं शेत पाह्यलंय, पण वरच्या अंगानं."

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला उठले आणि तेही येऊन उभे राहिले. त्यांची नजर पडद्यावरच्या दराच्या पाटीवर गेली. "हे काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं : कापूस, दर हजार लिटरला इतके. खोलीत शांतता पसरली. त्या गेममध्ये सगळा शेतमाल लिटरवर मोजतात, गहूसुद्धा. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५४५० रुपये होता आणि बाबांच्या डोक्यात तो आकडा कोरलेला होता. "लिटर?" ते म्हणाले. "कापूस?" मग काही न बोलता झोपायला गेले. चाळीस वर्षं काटा सांभाळलेल्या माणसाला त्या रात्री झोप लागली असेल असं वाटत नाही.

गायी मी मुद्दाम शेवटी दाखवल्या होत्या, नानांना आवडतील म्हणून. आवडल्या. मग त्यांनी विचारलं की इतक्या गायी वितात तर गोऱ्हे कुठं जातात. मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. कळप वाढतो, दूध मिळतं, पण बैल नावाचा प्राणी त्या जगात नाही. घोडा आहे, त्याला रोज फिरवलं की त्याची किंमत वाढते. "बैल नाही अन् घोडा हाय," नाना म्हणाले. "पाटलाचा गेम दिसतो."

रात्री अकराच्या सुमाराला माझी खरी परिस्थिती अशी होती : कापूस फुटून पांढरा झाला होता, तो वेचल्याशिवाय लेखाला अर्थ नव्हता, आणि वेचायचं यंत्र इतकं महाग की मी बँकेचं कर्ज उचलून ते घेतलं होतं. नानांनी आधी वेचायला बाया कुठं मिळतात ते विचारलं. बाया नव्हत्या. कीबोर्डवरचं एच दाबलं की मजूर येतो, पण तो ट्रॅक्टरवर बसूनच येतो. तरी एका बटणावर मजूर मिळतो हे बघून नाना हेलावले. गावात चार दिवस आधी सांगून, गाडी पाठवून, वर चहा पाजून मजूर येत नाहीत. मग मी त्यांना हिशोबाचं पान दाखवलं, अगदी शिक्षकाच्या उत्साहानं. ही शिल्लक. हे कर्ज. हे बटण दाबलं की कर्ज मिळतं, हे दाबलं की फिटतं.

"सातबारा?"

"नाही लागत."

"जामीनदार?"

"नाही."

"नो ड्यूज?"

"नाना, नुसतं बटण."

त्यांनी खुर्ची मागितली. मी दिली. दहा मिनिटं चालवू द्यावं, तोवर पाठ टेकावी, असा हिशोब होता. इथून पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

जाग आली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. नाना खुर्चीतच, ताठ, डोळे लाल, चेहऱ्यावर पेरणी वेळेत उरकलेल्या माणसाचं समाधान. पडद्यावर कापूस तसाच उभा होता, पांढराफेक. यंत्र नव्हतं. मोठा ट्रॅक्टर नव्हता. नांगराला जोडलेला एक जुना लहान ट्रॅक्टर तेवढा शेडमध्ये उभा. आणि हिशोबाच्या पानावर, कर्जाच्या रकान्यात, शून्य.

"इकून टाकलं," नाना म्हणाले. "एवढ्या मोठ्या कर्जाचं यंत्र, वर्षाला चार दिवसांचं काम. निम्मीच किंमत आली. आता ते जाऊ दे, पण डोक्यावर एवढं ओझं ठेवून तू घोरत व्हता रे. मला तर बघवंना."

मी त्यांना काय बोलणार? सगळ्या दुनियेनं त्या गेममध्ये कर्ज काढून यंत्रं घेतली असतील. रात्रभर जागून कर्ज फेडणारा खेळाडू जायंट्स सॉफ्टवेअरलाही बहुधा ठाऊक नसेल. त्यात मी गेम वेगळा जतन केला नव्हता. 'महत्त्वाच्या फाइलींची प्रत ठेवा' या विषयावर माझे तोवर चार लेख छापून आले होते.

दहाला तीन तास होते. पुन्हा कर्ज काढून यंत्र घ्यायचं म्हटलं असतं तर नाना मागं उभे होते. म्हणून मी कापूस न वेचता कापसाच्या वेचणीबद्दल लिहिलं. आतून लिहितो असं कळवलंच होतं, तेव्हा आतूनच लिहिलं : पहाटेचं दव, कमरेला बांधलेली ओटी, बोटांना टोचणारी वाळकी टोकं. नानांनी रात्री विचारलेलं काहीही मी त्यात घातलं नाही, कारण ते मला अडाणीपणाचं वाटलं. तज्ज्ञ मी होतो. शेवटी दहापैकी सात गुण दिले.

नानांनी गुणांबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या. "सत्तर पैसे आणेवारी लावली? दुष्काळ असा बसत नसतो बाबा. पन्नासाच्या आत आण, नाहीतर कुणाला काही मिळायचं नाही."

संपादकाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात नेमका एकच प्रश्न होता : बोटांना टोकं टोचण्याची सोय कोणत्या बटणावर आहे? त्याला ती सापडत नव्हती. त्यानं स्वतः अर्धा दिवस बसून यंत्रानं कापूस काढून पाहिला होता, त्याच्याकडे ओटीही दिसत नव्हती.

खोटं पकडलं गेलं की माणूस खरं बोलतो. दुसरं काही उरलेलंच नसतं. मी सगळं लिहून कळवलं, नाना, विहीर, पाऊस, अळी, लिटर, गोऱ्हे, फिटलेलं कर्ज, सगळं. तासाभरात उत्तर : वेचणीचा भाग काढा आणि हे घाला. घातलं. माझी दवबिंदूंची तीनशे अक्षररत्नं गळाली आणि नऊशे शब्द छापले गेले. त्यातले जे लोकांना आवडले ते सगळे नानांचे होते. खाली नाव माझं.

"पंचवीस टक्के ओलावा," बाबा म्हणाले.

बहात्तर डॉलर यायला फेब्रुवारी उजाडला. बाहेरून पैसे आले की ते कशाचे हे बँकेला सांगावं लागतं, खिडकीतल्या तरुणानं यादी समोर धरून विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं लेखनाबद्दल. "कशाचं लेखन?" आदल्या अनुभवानं शहाणा झालो होतो, खरं तेच सांगितलं, "कापसाचं." त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच आदरानं बघितलं. "निर्यात?"

मधले चार्जेस वगैरे जाऊन हातात ४६२० रुपये पडले. क्विंटलभर कापसाचा हमीभावसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात नाना होती तेवढी तूर घेऊन मोंढ्यात आले होते. जेवताना बाबांनी, अगदी सहज, पैसे आल्याचं त्यांच्या कानावर घातलं. नानांनी भाकरी मोडता मोडता हिशोब मांडला. शेत तुझं, अवजारं तुझी, मान्य. पण रात्रभर राबलं कोण? बटईनं केलेल्या शेतात निम्मं राबणाऱ्याचं. मी म्हटलं, नाना, तुम्ही माझं यंत्र निम्म्या किमतीत विकलंत, ती तूट कुणाच्या खात्यावर? ते म्हणाले, कर्ज कुणाच्या खात्यावरचं फिटलं?

बाबांनी जेवण झाल्यावर वही काढली. लाईटबिलाचे चाळीस रुपये दोघांत वाटून टाकले, तोलाई लावायची की नाही यावर थोडा विचार केला, आणि नानांच्या हातावर २२९० रुपये ठेवले. मग टोपण उघडून त्यांनी एक ओळ लिहिली, फुंकर मारून वाळवली. मी वाकून पाहिलं.

'कापूस, ९०० शब्द.'

नाना पैसे मोजत होते. "पुढल्या हंगामाला सांग," ते म्हणाले, "पण यंत्र घेऊ नको."